खवट टोळीचा भाव

बाबा, या आठवड्यात फॅटी ॲसिडचा भाव पुन्हा चढला. तुम्हाला हा शब्द माहीत नव्हता. टोळ, म्हणजे मोहाची बी, घेऊन तुम्ही तिचं तेल विकलंत. आमचा कारखाना त्याच तेलातलं आम्ल काढून साबणवाल्यांना विकतो, एवढाच फरक. टोळ रायपूरकडे काय भावाने जाते, तेलंगणात काय, आपल्या धानोऱ्यात काय, हे दर आठवड्याला लिहून पाठवणं माझं काम. आपला भाव सगळ्यांत खाली. का, असं साहेब विचारतात. मी ‘माल हलका’ असं लिहिते. ‘माझे बाबा’ असं लिहायला रकाना नाही.

तुमचं दुकान आठवतं. जंगलातून वेचलेली टोळ घेऊन बाया यायच्या. तुम्ही त्यातली एक उचलून दाताखाली फोडायचात, पचकन थुंकायचात आणि म्हणायचात, “खवट.” दर बाईला, दर खेपेला. गालात सकाळपासून तंबाखू-सुपारीचा खर्रा. तुम्हाला भाजीतलं मीठ कळत नव्हतं, खवट काय कळणार होतं! घरीही तेच. आईने ताट वाढलं की घास घ्यायच्या आधी “खवट”, आणि ताट भिंतीकडे. एकदा मी उलट बोलले, तर माझ्याकडे न बघता तिला म्हणालात, “पोट्टी बी खवटच निंगाली. कोन घेईन इले?” कोणी घेतलं नाही. गावात अजून म्हणतात, बापाला माल बरोबर ओळखता येत होता.

मग त्याच खर्र्याने तुमचं तोंड उघडेनासं झालं. आई चमच्याने पेज भरवते आहे. तुम्ही मान फिरवता, “खवट” म्हणता, शब्दही धड फुटत नाही. जन्मभर उलट न बोललेली माझी आई चमचा तसाच धरून म्हणते, “हो, खवटच हाये. भाव पाडून घ्या.” मी चुलीपाशी मोठ्याने हसते. तुम्हाला ऐकू जावं म्हणूनच हसते.

तुम्ही गेल्यावर मी कारखान्यात लागले, तिथे कळलं की तेल खवट होतं म्हणजे त्यातलं आम्ल सुटं होतं, आणि आम्हाला तर आम्लच हवं. ज्या शब्दावर तुम्ही घर बांधलंत, त्याला इथे कोणी विचारत नाही. म्हणून यंदा धानोऱ्याच्या खरेदीवर मी स्वतः जाऊन बसले. साहेबांकडून रायपूरच्या बरोबरीचा भाव मागून आणला होता. तुमचा शब्द मोडायचाच होता मला. पहिल्याच म्हातारीने पोतं उतरवायच्या आधी सांगितलं, “खवट हाये जी बाई, समजून द्या.” मी एक टोळ चावली, “चांगली आहे” म्हणाले आणि वरचा भाव सांगितला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग काट्याकडे.

“काऊन चांगली म्हणून राह्यली? काटा मारतं का? तू त्या दुकानवाल्याची पोरगी ना? तुह्या बापानं कधी चांगली नाई म्हटली. खवट म्हणे, पण काटा खरा ठेवे.”

ती शेजारच्या दुकानात गेली. तिथल्याने चावून, थुंकून “खवट” म्हटलं, तेव्हा कुठे ती निवांत बसली. तिच्या मागच्या बायाही तिकडेच गेल्या.

दुपारपर्यंत माझ्या काट्यावर दाणा पडला नाही. मग एक बाई डोकावली. मी टोळ फोडली, थुंकले, “खवट” म्हणाले. तिने लगेच पोतं खाली ठेवलं. खवट म्हणून वरचा भाव सांगितला असता तर तिनेही काट्याकडेच पाहिलं असतं. मी तुमचाच खालचा भाव सांगितला. संध्याकाळी जागा पुरली नाही, एवढी पोती आली.

आता भाव खालीच का राहिला, याचं कारण साहेबांना लिहून पाठवायचं आहे, आणि मी हे लिहीत बसले आहे, जे कुठेच जाणार नाही. चवीचं म्हणाल तर, बाबा, ती मलाही कळली नव्हती.