हर्सूलची पागा आणि चाळीस दिवसांची अट

मी पुंडलिक सांडू दांडगे, वय ७४, राहणार हर्सूल, एसटीचा निवृत्त चालक, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय (माझ्यावर दडपण आणणारा अजून जन्मायचा आहे) हे मृत्युपत्र करीत आहे. डॉक्टरीणबाई प्रेरणा साळवे यांनी तपासून तसा दाखला दिला आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागात केले होते. हेही रागातच आहे, पण विचार करून.

१. राहते घर पत्नी कडूबाई हिचे. तिच्या हयातीत कोणी वाटणीचा शब्द काढू नये. माझ्या कपड्यांना येणारा घोड्यांचा वास तिने सेहेचाळीस वर्षे सोसला आहे.

२. हर्सूलची दोन एकर जमीन व त्यावरील पागा मी 'खडकी अश्वदला'ला देतो. जुन्या काळचे घोडदळ पोशाख-हत्यारांसह उभे करून दाखवणारे हे पथक मी आणि सिल्लोडचा नालबंद मुबारक यांनी काढले. अट एकच: ज्याने चाळीस दिवस पागेत काम केले तो सभासद, मग तो कुठल्याही देशाचा असो. मत, स्वारी आणि लीद उचलायची पाळी, तिन्ही सर्वांना सारखी. ही अट मोडली तर जमीन मुबारकची मुलगी शहजादी, जी जनावरांची डॉक्टर आहे, तिच्याकडे जाईल. ती कोणाला घाबरत नाही.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी म्हातारा चळला म्हणणार नाही. हंगेरीची मार्ता आणि अर्जेंटिनाचा पाब्लो, दोघे वाळूजला नोकरीला, तीन वर्षांपूर्वी पथकात आले. आमच्याकडे नवा माणूस पहिले चाळीस दिवस घोड्यावर बसत नाही. लीद काढतो, घोड्यांना खरारा करतो, दाण्याचा तोबरा भरतो. या दोघांना मात्र मी फेटे बांधले, खुर्च्या दिल्या आणि थेट घोड्यावर बसवले. पाहुण्यांना लीद कशी उचलायला लावायची? चूक माझी.

माझा मुलगा विश्वजीत, पथकाचा अध्यक्ष, याने दोघांना सभासद करून घ्यायचा विषय निघाला तेव्हा सभेत तेच धरले. "नियम तुमचाच हाय, दादा. चाळीस दिवस केले नाय, तर सभासद कसले? आन् आपल्या इतिहासात परदेशी लोकांचं काय काम?" दुसऱ्या प्रश्नाला उत्तर होते: हे शहर खडकी नावाने वसवणारा माणूसच समुद्रापलीकडून आला होता. पहिल्याला नव्हते. बाहेर आल्यावर मुबारक म्हणाला, "पाहुणे म्हणून तूच त्यांना दाराबाहेर ठेवलंस, पुंडलिकभाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे पागेत हजर. "काका, फावडं कुठंय?" मार्ताने विचारले. दोघांनी चाळीस दिवस भरले, एकही खाडा नाही. पाब्लोला घोड्याने लाथ मारली, तो दुसऱ्या दिवशी लंगडत आला. तरी विश्वजीत त्यांची नावे सभासदांच्या वहीत चढू देत नाही. मी आहे तोवर मी भांडेन. नंतर हा कागद भांडेल.

३. माझे खोगीर मार्ताला. डाव्या रिकिबीचा पट्टा आखूड आहे, कारण एसटीचा क्लच दाबून दाबून माझा तो पाय आखडला. तिने पट्टा बदलून घ्यावा.

४. मैना घोडी विश्वजीतला. तो माझ्याहून चांगला स्वार आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, हे त्याच्या तोंडावर मी कधी बोललो नाही. पण सभेत एक गोष्ट त्याला आठवली नाही, मलाही नाही. तो आठ वर्षांचा असताना मी त्याला उचलून खोगिरावर बसवले, माझा मुलगा म्हणून. चाळीस दिवस त्यानेही कधी भरलेले नाहीत. तेव्हा माझे तेरावे झाल्यावर त्याने फावडे हातात घ्यावे, चाळीस दिवस पूर्ण करावे आणि मगच मैनेवर बसावे.

त्याची हजेरी मार्ता घेईल.

वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही केली:
पुंडलिक सांडू दांडगे

साक्षीदार:
१. डॉ. प्रेरणा साळवे
२. संघपाल कडूबा खरात

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ११ जानेवारी २०२६