बदकांचा एप्रन

११ नोव्हेंबर, सोमवार

शुक्रवारी लिहिलं ते चूक. ‘डॅरेलने लहान मुलाला मोठ्या माणसाचा किरणांचा डोस दिला’ असं मी सरळ लिहून टाकलं. पाहिलं ते एवढंच — सीटी स्कॅनच्या टेबलावर एक मूल, अंगावर किरण अडवणारा शिशाचा एप्रन नाही, आणि माझ्यासारखाच स्कॅन काढणारा डॅरेल शीळ घालतोय. किरण किती दिले, मला ठाऊक नाही. बाकीचं मी मनाने घातलं.

पण एप्रन नव्हता. ते खरं.

१२ नोव्हेंबर

विचारलंच त्याला. “शुक्रवारी बदकं कुठे होती?”

“खुंटीवर, मास्तरीणबाई! शाळेचं तोंड पाहिलं नाहीस, मग ही छडी कुठून आणलीस?” सगळे हसले. मी वळले तसा मागून काहीतरी म्हणाला — पहिल्या चित्राबद्दल, काढून ठेवण्याबद्दल. आळसाची सबब, दुसरं काय!

एप्रन बाबांचा. एकतीस वर्षं त्यांनी इथेच एक्स-रे काढले. मुलं घाबरायची म्हणून आईने त्यावर बदकांचं कापड शिवलं. निवृत्त होताना तो इथे ठेवून गेले. आम्हा भावंडांना त्यांनीच घरी शिकवलं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. गणित, शरीरशास्त्र, आणि रोज एकदा तरी — “कोणी सांगितलं म्हणून मानायचं नाही. स्वतः बघायचं.”

तर बघते.

१३ नोव्हेंबर

संधी नाही. डॅरेल सारखा आसपास. मुद्दाम?

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

हरणांच्या शिकारीचा हंगाम आजपासून सुरू. अर्धं हॉस्पिटल जंगलात, डॅरेलही. काल जाताना म्हणाला, “पाच दिवस नजर कोणावर ठेवशील गं? करमायचं नाही तुला.” म्हणजे कळलंय त्याला!

दुपारी आकडे काढले. कोणाला किती किरण गेले ते मशीन स्वतःच नोंदवतं. डॅरेलने स्कॅन केलेली मुलं — आकडे कमी. फारच कमी. मुलांना एप्रन न घालणाऱ्या माणसाचे? पुसून नवे घालत असणार.

१६ नोव्हेंबर

पुसता येत नाहीत. बदलताही येत नाहीत. तासभर खटपट केली.

मग एल्वी हायकिनेनची फाइल उघडली. वय सहा. मूत्रपिंडाची गाठ काढली, तेव्हापासून दर तीन महिन्यांनी छातीचं स्कॅन. तिची आई वेळ घेतानाच बजावते, “बदकंवालीच हवी. बाकी कोणी एवढं जपत नाही.” म्हणजे मी.

पहिलं स्कॅन डॅरेलने केलं होतं. किरणांचा आकडा ३९. पुढची तिन्ही मी. ६८, ७१, ७०.

तीच मुलगी. तेच मशीन. वजन तीन पौंडांनी वाढलेलं, बस्स.

माझ्या पाळीच्या आधी कोणीतरी सेटिंग बदलतंय. माझ्यावर आळ आणायला.

१७ नोव्हेंबर, रविवार

सेटिंग कोणी बदललेलं नाही.

स्कॅनआधी मशीन एक साधं चित्र घेतं. शरीर किती दाट आहे ते त्यावरून पाहतं आणि किरणांचा जोर ठरवतं. एल्वीची तिन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. तिन्हींत खालच्या बरगड्यांवर पांढरीफटक पट्टी. शिसं! एप्रन मी त्या चित्राच्या आधीच पोटावर घालते ना — चांगला वर सरकवून, कडा नीट करून. मशीनला वाटतं एवढंसं पोर लोखंडाचं आहे. ते जोर वाढवतं.

आणखी एक. तिच्या स्कॅनमध्ये खालच्या भागात रेघा का दिसतात, असं डॉक्टरांनी दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा मी कारण लिहिलं, ‘मूल हललं.’ एल्वी हलत नाही. पडल्या पडल्या बदकं मोजते, ओठसुद्धा न हलवता.

डॅरेलचं वाक्यही आता सबंध आठवतंय. “निदान पहिलं चित्र होईपर्यंत तरी काढून ठेव तो एप्रन.” मी ऐकलं होतं. त्याने सांगितलं म्हणून सोडून दिलं.

यंदा एप्रन घातलेली मुलं चौदा. चौदाही माझी.

१८ नोव्हेंबर, सोमवार

बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मशीन बसवायला आला होता ना, त्या माणसाने सांगितलं होतं मला हे. मला वाटलं, मशीन खपवायला काहीही बोलतोय.” मग म्हणाले, “मी येतो. मी सांगतो त्या मुलांच्या आईबापांना.”

नको म्हटलं. हात माझे होते.

डॅरेल बुधवारी परततोय. एल्वीचं स्कॅन तू कर, असा निरोप ठेवलाय. बदकं माझ्या कपाटात, कुलूप लावून. तिच्या आईला मीच सांगणार, स्कॅनच्या आधी, चारही आकडे कागदावर लिहून.

तिची वेळ गुरुवार, २१ नोव्हेंबर. सकाळी सव्वानऊ.