सोवळ्याची तार

तंजावूर,
९ नोव्हेंबर

प्रिय अण्णा,

तू मागितलेला अहवाल तयार आहे. घराबाहेर हीट पंप कसा बसवायचा असतो, आपल्या गच्चीवर तो कसा बसवला होता आणि हनुमंतरावांनी त्यात काय बिघडवलं, असे तीन भाग असावेत असं तू लिहिलं होतंस. अठरा तारखेला विद्युत निरीक्षकांपुढे चौकशी आहे. हनुमंतरावांचा वायरमनचा परवाना राहतो की कायमचा जातो, ते त्या दिवशी ठरेल. तू पोलिसांत दिलेली तक्रारही त्याच कागदावर उभी राहील. हे सगळं मला ठाऊक आहे, म्हणून अहवालाआधी हे पत्र. फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मग मी गप्प बसते. हाताने आणि देवनागरीत लिहिते आहे ते अशासाठी, की तुझ्या घरात हे अक्षर तुझ्याशिवाय कोणाला वाचता येत नाही. वहिनीला काय सांगायचं ते तू ठरव. अप्पांबद्दल शेवटी लिहिते.

पहिल्या दोन भागांत तुला चूक सापडणार नाही. गेल्या वर्षी मार्चमध्ये तू टोरांटोहून व्हिडिओवर अम्माला उकळत्या पाण्याची कळशी स्वयंपाकघरातून अप्पांच्या न्हाणीपर्यंत नेताना पाहिलंस आणि म्हणालास, आमच्याकडे आहे तसला हीट पंप बसवून टाक, बाहेरच्या हवेतली उष्णता घेऊन पाणी तापवतो, वीजही कमी लागते. एप्रिलमध्ये मी तो बसवला. अप्पांच्या खिडकीखाली जागा होती, पण यंत्राची घरघर दिवसभर त्यांच्या उशाशी झाली असती. म्हणून गच्चीचा नैर्ऋत्य कोपरा घेतला, कारण तिथं खाली भिंत येते आणि वजन स्लॅबवर पडत नाही. वीतभर उंचीचा सिमेंटचा ओटा, त्यावर रबराचे ठोकळे, मागे दोन फूट मोकळे, समोर काहीच नाही. ठिबकणारं पाणी साचू नये म्हणून उताराची नळी. मीटरपासून स्वतंत्र लाइन आणि यंत्राशेजारीच ती बंद करण्याचा स्विच. समोरून गार हवा येते हे कळल्यावर अम्मा म्हणाली, “मग ताकाचं भांडं ह्याच्यापुढे ठेवू का गे? फ्रिज विकून टाकू.” अप्पांना तेव्हा अजून थोडं बोलता येत होतं. ते म्हणाले, “आंघोळीच्या पाण्याला एवढं यंत्र! किल्ल्यावरची तोफ आणा, डास मारायला.” दोघं बराच वेळ हसत होती. मी पातळी तपासत होते.

सुरक्षेच्या दोन गोष्टी होत्या. एक, बोर्डातला तो पांढरा डबा. करंट भलत्या वाटेनं जमिनीकडे गळू लागला, की डोळ्याचं पातं लवायच्या आत तो लाइन तोडतो. दुसरी, अर्थिंग. खड्डा मी तुळशीजवळ घेणार होते, अम्मा नको म्हणाली, म्हणून मागच्या विहिरीपाशी खणला. तिथून जाड, उघडी तांब्याची तार भिंतीवरून गच्चीपर्यंत आणली आणि यंत्राच्या अंगाला बोल्टनं कसली. यंत्रात बिघाड होऊन त्याच्या पत्र्यात करंट आला, तर ह्या तारेनं तो मातीत उतरावा. माप घेतलं: एक पूर्णांक सहा ओहम, म्हणजे उत्तम. बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला तारीख घालून लिहून ठेवलं. पुण्यातल्या चार वर्षांत मी दोनशेच्या वर यंत्रं बसवली, पण इतकं नेटकं काम माझ्या हातून झालं नव्हतं.

अहवालात न घातलेली एक गोष्ट आहे. ती तार बघून अम्मानं विचारलं होतं, “उघडीच ठेवणार? झाकत का नाहीस गे?” मी म्हटलं, हिच्यात करंट नसतो, हात लावून बघ. आणि मी स्वतः तारेवर हात ठेवून दाखवला. मग तिनंही ठेवला. तार दुसऱ्या टोकानं जमिनीत गेलेली असेल तोवरच हे खरं, एवढं वाक्य मी बोलले नाही. तिला ते लागणार नाही असं मला वाटलं.

अम्माचं सोवळं तुला सांगायला नको. लहानपणी आपण तिच्या दांडीवरच्या कपड्यांना चुकून शिवलो, की तिची दुसरी आंघोळ आणि आपल्याला दुपारपर्यंत टोमणे. अप्पांचं अर्धांगाचं आजारपण आल्यापासून, त्यांना उचलून तिचा खांदा धरला आणि ती उंच वेळूची दांडी तिला काठीनं गाठता येईना. म्हणून गच्चीवर नायलॉनची दोरी बांधली होती, आणि ती तिला कधीच पटली नाही. “प्लास्टिक ते. जन्मालाच ओवळं आलं, त्याला धुऊन काय होणार?” गेल्या कार्तिकात ती फोनवर म्हणाली, “आता काळजी नाही. तांब्याची दोरी केली मी मोट्टमाडीवर, गच्चीवर. तांबं म्हणजे शुद्ध. पुसलं की झालं.” मी पापनाशमला एका मंगल कार्यालयाच्या कामावर होते. छान केलंस, म्हटलं. तांबं कुठून आणलंस हे विचारलं नाही. विचारायला तीन शब्द लागले असते.

निरीक्षकांच्या पंचनाम्यात लिहिलं आहे, की अर्थिंगची तार खड्ड्यापासून सोडवलेली होती, कोणी ते अज्ञात. तू ते हनुमंतरावांच्या नावावर घातलंस आणि मी तुला तसं करू दिलं. जानेवारीतल्या त्या शनिवारी मी पोचले तेव्हा तारेचं एक टोक यंत्राला होतं तसंच कसलेलं होतं. यंत्राला धक्का लावायचा नाही हे अम्मानं पाळलं होतं. दुसरं टोक विहिरीपासून वर ओढून गच्चीच्या खांबाच्या कडीला बांधलं होतं. तीन वेढे आणि टोक आत खोचलेलं. केळीच्या पानांचा भारा अम्मा तसाच बांधायची. अप्पांचा पाना तिच्या सोवळ्याच्या फडताळात सापडला, धुऊन पुसून ठेवलेला. तो मी हत्यारांच्या पेटीत परत ठेवला आणि कोणाला काही बोलले नाही.

आता हनुमंतरावांचा भाग. जानेवारीच्या त्या आठवड्यात दव फार पडत होतं. यंत्राच्या जोडणीच्या पेटीत ओल शिरली होती. वायर आत जाते तिथलं रबर मी घट्ट बसवलं होतं की नाही, ह्याची माझ्याकडे नोंद नाही. यंत्राच्या अंगातला करंट आता मातीत जात नव्हता, तो अम्माच्या तारेत उभा होता. बुधवारी सकाळी तिनं ओलं लुगडं त्या तारेवर टाकलं, काठ भिजल्या कठड्याला लागला आणि डब्यानं लाइन तोडली. गुरुवारी पुन्हा तेच. डबा अगदी बरोबर काम करत होता, अण्णा. अम्मानं फोन केला: “तुझा पांढरा डबा रोज उजाडलं की डोळे मिटतो. अप्पांना गार पाण्यानं न्हाऊ कसं घालू, थंडी केवढी आहे.” मी म्हटलं, हनुमंतरावांना बोलाव. पापनाशमहून तंजावूर रेल्वेनं अर्ध्या तासावर आहे. मी गेले नाही. रविवारी कार्यालयाचं काम ताब्यात द्यायचं होतं.

शुक्रवारी, वैकुंठ एकादशीच्या दिवशी दुपारी, हनुमंतरावांनी आपल्या बोर्डासमोर उभं राहून मला फोन केला. ते मला अजून पाप्पाच, म्हणजे बाळच म्हणतात, मी चार वर्षांची असताना म्हणायचे तसं. म्हणाले, “पाप्पा, हा उगाच पडत नाही. मी यंत्र बंद करून जातो. दोन दिवस अम्मा गॅसवर पाणी तापवेल.” मी म्हटलं, अम्माला कळशी उचलायला नको म्हणूनच ते यंत्र आहे. अर्थिंग मी स्वतः मापलं आहे, ओलीनं पडत असेल, रविवारपर्यंत डबा बाजूला काढून लाइन सरळ जोडा. मग म्हणाले, “मी म्हणतो नक्को.” मी म्हटलं, हनुमंतराव, हे मी शिकलेय. त्यावर ते हसले. “खरं आहे. तू इंजिनिअर, मी स्क्रू ड्रायव्हर. जोडतो.” फोन तीन मिनिटं अकरा सेकंद चालला. तो माझ्या फोनमध्ये अजून दिसतो.

शनिवारी द्वादशीच्या पारण्यासाठी अम्मानं पहाटे आंघोळ केली आणि ओलेत्यानंच, अनवाणी, तारेवरचं सोवळ्याचं लुगडं घ्यायला गच्चीवर गेली. पुढचं तुला माहीत आहे.

पोलिसांना हनुमंतराव एवढंच म्हणाले, की मला घरातून सांगितलं म्हणून मी जोडलं. कोणी सांगितलं ते त्यांनी सांगितलं नाही. तू घरापुढच्या ओट्यावर उभा राहून ओरडलास, “गेलेल्या बाईवर ढकलतोस?” मी तुझ्या मागे, दाराच्या आत उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यानंतर दहा महिने मी रोज कामावरून घरी येताना राजवाड्यामागची त्यांची गल्ली टाळून लांबून येते.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले. परवाना अडकलेला असल्यामुळे वायरिंगची कामं बंद आहेत. ते जमिनीवर बसून लोकांचे मिक्सर दुरुस्त करत होते. त्यांच्या पत्नी सरोजाक्का दारात आल्या आणि म्हणाल्या, “आलात? दहा महिन्यांनी गल्ली सापडली?” त्या मला कधी अहोजाहो करत नव्हत्या. तरी कॉफी आणली, माझ्यापासून हातभर लांब ठेवली आणि आत गेल्या. मी हनुमंतरावांना विचारलं, माझं नाव का सांगितलं नाही. ते मिक्सरमधून डोकं न काढता म्हणाले, “माझं काम गेलं तर मी हे करीन. तुला आत घेतलं तर तुझ्या बापाला आंघोळ कोण घालणार? तो टोरांटोवाला?” मी म्हटलं, मी आता लिहून देणार आहे. “लिहू नक्को. चूक माझीही आहे. खाली जाऊन खड्ड्याचं झाकण उचलायला हवं होतं मी. तू मापलंय म्हणालीस, म्हणून नाही उचललं.” मग त्यांनी मिक्सर चालवून पाहिला. तो चालला.

तेव्हा तुला हवा होता तो अहवाल मी दिलेला नाही. त्याऐवजी शुक्रवारी निरीक्षकांच्या कचेरीत तमिळमध्ये दोन पानं देऊन शिक्का घेतला, एक प्रत पोलिस ठाण्यात दिली. वर लिहिलं ते सगळं त्यात आहे, अम्माच्या तारेसकट. कंपनीनं मला कामावर येऊ नका म्हणून कळवलं आहे. वकील म्हणतात, अटक होईल, जामीनही मिळेल, पण कुठल्या दिवशी काय ते सांगता येत नाही. तू क्षमा करावीस म्हणून हे लिहीत नाही, तसं काही माझ्या हिशेबात नाही. लिहिते आहे ते अप्पांसाठी. कागद देण्याआधी, गुरुवारी, त्यांची आंघोळ झाल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. तेव्हापासून ते मला अंगाला हात लावू देत नाहीत. उजव्या हातानं माझं मनगट धरून बाजूला करतात. बाहेरचा माणूस आणला, त्यालाही तसंच बाजूला केलं. आज तिसरा दिवस आहे. तू वर्षश्राद्धाला एकोणतीस डिसेंबरला येणार आहेस, तितकं थांबू नकोस, अठराच्या आत ये. श्राद्धाच्या वेळी मी घरात नको असेन तर पापनाशमला राहीन, तुला तसं सांगावं लागणार नाही. आल्यावर त्यांना खुर्चीत बसव, पाठीमागे उशी दे. पाणी कोपरानं बघ, बोटांनी नको. आधी उजव्या बाजूला घाल. डाव्या बाजूला भाजलं तरी त्यांना कळत नाही, आणि उजवीकडे भाजलं तर ते आता सांगतील असं मला वाटत नाही.

तुझीच,
सुप्रभा