खिळ्यावरची पिशवी

शिझुओका,
२३ नोव्हेंबर

चि. मिनोरी,

तुला आणि रिकूला आम्हा दोघांचे भरभरून आशीर्वाद. तुमच्या मात्सुमोतोला एव्हाना चांगली थंडी पडली असेल. रिकूला स्वेटर घालायला लाव, तो आपणहून घालायचा नाही. सोबतच्या खोक्यात बागेतली संत्री आहेत. वरची आधी संपवा, खालची अजून आंबट आहेत. खोक्याच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू आहे. हे पत्र संपेपर्यंत ती उघडू नकोस. तुझा उतावळा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगितलं.

तुझे सासरे बरे आहेत. गुडघा दुखतो, पण कोणी विचारलं तरच. ओइशीबाईंच्या पॅकिंगच्या शेडमधून माल आणायचं आणि पोचवायचं काम अजून तेच करतात. परवा म्हटलं, "अहो, एवढी खोकी एकदम कशाला उचलता, दोन खेपा करा ना." तर म्हणाले, "दोन खेपा केल्या तर दोनदा तुझी बोलणी ऐकावी लागतील." आता या माणसाला काय म्हणावं!

माझं पिशव्यांचं काम तू इथे असताना चालायचं तसंच चालू आहे. दुपारची भांडी आवरली की टेबल कोरडं पुसायचं आणि माल पसरायचा. रिमोटच्या गाड्यांचे तेच सुटे भाग, तेच गिअर, त्याच स्प्रिंगा. पिशवीत पुढे प्लास्टिकचे भाग, मागे स्क्रूंची पुडी, वर कार्ड दुमडून दोन पिना. मग काट्यावर ठेवायची, म्हणजे एखादा स्क्रू राहिला असला तर कळतं. भरलेली खोकी ओइशीबाईंकडे जातात, तिथून घाऊक व्यापाऱ्याकडे, आणि पुढे कुठल्या कुठल्या गावच्या दुकानांत हुकांना लटकतात. आपल्या टेबलावरून गेलेल्या पिशवीने कोणाची गाडी चालू झाली, हे आपल्याला कधी कळत नाही. तू नवी नवी होतीस तेव्हा विचारायचीस, "आई, ही कोण घेत असेल हो?" मी म्हणायचे, "हात चालव."

शेजारच्या मोचिझुकींच्या मुलीला जुळी झाली. दोन्ही मुली. आजोबा गावभर मिरवतात.

हे असलं काहीबाही लिहून मी वेळ काढते आहे, हे तुझ्या लक्षात आलं असेल. आता सरळच लिहिते.

ऑगस्टमध्ये पितरांच्या दिवसांत तुम्ही दोघं आला होता. कोहेईच्या फोटोपुढे उदबत्ती लावून आपण जेवायला बसलो. यांनी रिकूला विचारलं, "काय रे, बाबांची ती रिमोटची लाल गाडी काय म्हणते?" तो म्हणाला, "मागची गिअरपेटी फुटली, आजोबा. शिमोदाकाका दुरुस्त करताहेत." आणि मग त्याने तुझ्याकडे बघून जीभ चावली. तू उठून आत गेलीस आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसलीस. मी बाहेर बसून पाण्याचा आवाज ऐकत होते. तू गेल्यावर यांना म्हणाले, "कोण हा शिमोदा?" हे म्हणाले, "बस चालवतो म्हणे." म्हणजे नातवाने आजोबांना आधीच सगळं सांगितलं होतं! अंधारात होते ती मी एकटी.

मिनोरी, मी चिडले. खरं सांगते, खूप चिडले. तुझ्यावर नाही, त्याच्यावर. न पाहिलेल्या माणसावर चिडणं सोपं असतं. कोहेईला जाऊन पाच वर्षं झाली. त्यानंतर तू माहेरच्या गावी नोकरी धरलीस, पण दर सणाला पोराला घेऊन येत राहिलीस. मला वाटलं, आता हेही संपणार. तू दुसऱ्या घरची होणार, आणि रिकू दुसऱ्याच कोणा बाईला आजी म्हणणार. आमच्या घरात मग आम्ही दोघं आणि तो फोटो. म्हणून त्यानंतर मी फोनवर तुझ्याशी तुटक बोलत होते. थंडीने घसा बसलाय म्हणाले होते, ते खोटं होतं. सप्टेंबरात कसली आली थंडी?

मग गेल्या आठवड्यात मी ओइशीबाईंच्या शेडवर गेले होते. त्या फोन ठेवून कपाळाला हात लावून बसल्या होत्या. म्हणाल्या, "तोकिकोताई, हा मात्सुमोतोचा माणूस माझा पिच्छा सोडत नाही बघा. कुठल्या जुन्या लाल गाडीची गिअरपेटी हवी म्हणतो. कंपनी नाही म्हणाली, घाऊकवाला नाही म्हणाला, तर आता आमच्याकडे. म्हणे पॅकिंगवाल्यांकडे एखादी उरली असेल."

मी हातातलं खोकं खाली ठेवलं.

"मी म्हटलं, अहो, आता किती छान गाड्या निघाल्यात, पोराला नवी घेऊन द्या की. तर म्हणतो कसा, नवी मी कधीही घेऊन देईन, पण ती त्याच्या बाबांची नसेल ना."

मी तिथल्या बाकावर बसले. ओइशीबाईंनी चहा दिला, तो हातातच निवला. मला रडूच कोसळलं आणि त्या बिचाऱ्या घाबरून पंखा लावायला धावल्या, नोव्हेंबरात. कोहेईला तुझ्या घरातून बाहेर काढायला हा माणूस आलाय असं मी धरून चालले होते. आणि हा तर त्याची गाडी चालती ठेवायला दारोदार फोन करत होता.

तुला शेडमधली ती भिंत आठवते ना, नमुन्यांची? नवा भाग आला की नीट भरलेली पहिली पिशवी लाल दोरा बांधून खिळ्याला लावायची, सगळ्या बायकांनी तिच्याकडे बघून भरायचं. ती उघडायची नाही, विकायची तर नाहीच नाही. कंपनीने त्या लाल गाडीच्या गिअरपेटीचे भाग शेवटचे काढले तेव्हा तू लग्न होऊन नुकतीच आली होतीस. मी आयुष्यभर पिशव्या भरणारी, आणि ओइशीबाईंनी माझी पिशवी बाजूला सारून तुझी खिळ्याला लावली! "सुनेच्या पिना बघा, कशा एका रेषेत आहेत." मी दोन दिवस तुझ्याशी धड बोलले नव्हते. तू मला खूश करायला रताळी तळलीस आणि जाळलीस.

ती पिशवी अजून तिथेच होती. धुळीने माखलेली, पण पिना एका रेषेत.

मी म्हटलं, "ती मला द्या."

"नमुना कसा देऊ, ताई? आमच्या शेडमधून आजवर एक नमुना खिळ्यावरून उतरला नाही."

"त्या गाडीच्या पिशव्या आता कोण भरणार आहे? नुसती बघायला ठेवलीय."

"अहो, पण तुमच्याच सुनेच्या हातची आहे. तुम्हीच तिचं कौतुक सांगता सगळ्यांना."

"म्हणूनच मागतेय," मी म्हटलं. मग त्यांना सगळं सांगितलं. त्या स्टुलावर चढल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने दोरा सोडला.

तर खोक्याच्या तळाशी ती आहे. तू भरलेली, तुझ्याच नवऱ्याच्या गाडीची. शिमोदांना दे. सांग, कोहेईच्या आईने पाठवली आहे. आणि मिनोरी, त्यांच्याशी लग्न कर. तू माझ्या तोंडाकडे बघत थांबली आहेस, हे मला ऑगस्टपासून कळत होतं आणि मी तोंड फिरवून बसले होते. आता थांबू नकोस. तू या घरातून गेलीस तरी माझं तुझ्यावरचं प्रेम कमी होणार नाही. मी तसं ठरवलं तरी ते जमायचं नाही.

पिशवी फाडू मात्र नका. पिना हलक्या हाताने काढा. रिकामी पिशवी आणि कार्ड परत आणून देईन, असा शब्द मी ओइशीबाईंना दिला आहे. त्यांना ती त्याच खिळ्याला लावायची आहे. ती टपालाने पाठवलीत तर मी घेणार नाही. नव्या वर्षाला तिघं मिळून घेऊन या, गाडीही आणा. शिमोदांनी आधी कोहेईला उदबत्ती लावावी, मग सगळ्यांबरोबर नव्या वर्षाची मोची, तांदळाचे ते चिकट गोळे, खायला बसावं. त्यांना काय गोड लागतं, तिखट चालतं की नाही, ते मला आधी कळव.

त्यांची गादी तुझ्या सासऱ्यांच्या शेजारी घालणार आहे. यांचं घोरणं तुला माहीत आहे. तेवढं सोसलं तर माणूस आमच्या घरात रुळला म्हणायचा.

पाहुण्यांच्या गाद्या मी आजच माळ्यावरून काढून उन्हात टाकल्या. तीन.

तुझी,
पुढेही तुझीच,
आई