भोजराजसाठी दुकान

२ जून, सकाळ
ठरलं! घराखालचा बाबूलाल टेलर जाणार म्हणजे जाणार. घर माझं, दुकान माझं, मुलगा माझा. भोजराज नागपूरची नोकरी सोडणार आणि इथे तुमसरात मोबाईलचं दुकान टाकणार. नोटिशीत वकिलांनी लिहिलं, 'कुटुंबाच्या प्रामाणिक गरजेसाठी.' वाचून छाती फुगली. भोजराजला अजून सांगितलेलं नाही. सरप्राईज.

९ जून
बाबूलाल नोटीस घेऊन वर आला. म्हणतो, काकाजी, भोजराज खरंच येऊन राहिला असन तं मी आजच मशीन उचलतो, पन त्याच्या तोंडून ऐकू द्या. केवढा उद्धटपणा! म्हटलं, आता कोर्टातच ऐक.
संकल्प : बाबूलालशी बोलणं बंद.

१० जून
पँटची चेन तुटली. बोललो नाही. पँट फक्त काउंटरवर ठेवली. त्यानंही न बोलता नवी लावून दिली. नैतिक विजय माझाच.

२० ऑगस्ट
भोजराजला फोन केला. दुकानाचं ऐकून म्हणाला, पाहू बाबा, मीटिंगमध्ये आहे. 'पाहू' म्हणजे होच. धुरपता म्हणाली, थो तुमाले नाही म्हनायले भेते. बायकोला कायदा समजत नाही.

४ नोव्हेंबर
बोर्ड करून आणला : 'भोजराज मोबाईल्स'. दुकान अजून रिकामं नाही, सबब बेडरूममध्ये लावला. आत लाईट आहे, झगमग करतो. धुरपता दुसऱ्या खोलीत झोपायला गेली.

२१ जानेवारी
मधलं अख्खं वर्ष तारखांत गेलं. आज भोजराजची साक्ष. ऑटोत बसल्या बसल्या सगळी उत्तरं पढवली. मान हलवत होता.
बाबूलालच्या वकिलानं विचारलं, दुकान चालवायला परत येणार का? भोजराजनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाही साहेब. माझं काम नागपूरलेच आहे."
जजसाहेब म्हणाले, मग वडिलांना दुकान कशाला हवंय?
"दुकान नको आहे जी त्यांले. मी घरी पाहिजे."
साक्षीदार ऐन वेळी घाबरतात, होतं असं. वकिलांचं तोंड उतरलं होतं, मीच धीर दिला. कोर्टातल्या पंख्यावर फार धूळ आहे. डोळ्यांत गेली.

१६ मार्च
निकाल विरुद्ध. हरलो नाही! अपील करणार. भंडाऱ्याला जाईन, वेळ पडली तर नागपूरला जाईन. नागपूरला गेलो तर भोजराजकडेच उतरता येईल.
धुरपता म्हणाली, त्याले फोन करून नुसतं 'ये' म्हना ना, कोर्ट कायले पाहिजे? केला. अपिलाची धमकीच द्यायची होती. तोंडातून 'ये' निघालं.

२२ मार्च, रविवार
भोजराज आला. बॅग टाकली आणि थेट खाली. अख्खी दुपार दुकानात बसला! बाबूलालच्या स्टुलावर. हसण्याचे आवाज वरपर्यंत. धुरपताही तिकडेच. शेवटी चहा मीच करून खाली नेला.
बाबूलाल म्हणाला, बसा काकाजी, जागा करतो. स्वतःच्या दुकानात अर्ध्या स्टुलावर बसलो. भोजराज म्हणाला, थोडे अंदर सरका बाबा, पडाल.
सरकलो. वकिलांचा फोन वाजत होता. दोन्ही हातांत कप होते, उचलता आला नाही.