साखर बंद, फळं चालतील

५ मे
आईला खर्डीहून किन्हवलीला माझ्याकडे घेऊन आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. शहापूरचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आधी साखर खाली आणा. जेवणानंतरची दोनशेच्या आत आली की ऑपरेशन. आज दोनशे चौसष्ट.

रिक्षात आईचं एकच — "डोळा उघडला का मी चालले माझ्या खर्डीला. कोंबड्या लोकांच्या जिवावर ठेवल्यात."

अजून बसलीही नव्हती घरात!

६ मे
साखरेचा डबा, बिस्किटं, खारी, सगळं शेजारच्या ललिताला दिलं. त्याऐवजी गूळ, खजूर, मध. सहा वर्षं साप्ताहिकात आहारावर लिहितेय. आता प्रत्यक्ष पेशंट मिळाला. मला जरा आनंदच झाला, हे इथे लिहायला हरकत नाही.

आईने गुळाचा चहा पिऊन विचारलं, "हा औषधाचा का?"
"नैसर्गिक आहे."
"मंग आजून एक कप दे."

८ मे
ललिताने भिंतीवरून विचारलं, "मावशींना काय चालतं गो?" मी घाईत म्हटलं, "साखर बंद, फळं चालतील."

एवढंच म्हटलं. ललिताला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं, हे मला इतक्या वर्षांनी माहीत असायला हवं होतं.

१० मे
कालपासून आलेला माल: रायवळ आंबे दोन पाट्या. अर्धा फणस. केळ्यांची फणी. भगीरथने जंगलातलं मधाचं पोळं आणलं, फडक्यात गुंडाळून. जांभळं, अजून आंबट, पण भावना गोड.

आंधळ्या म्हातारीला बघायला रिकाम्या हाती कोण येईल? आणि आणलेलं समोरच चाखायचं, हाही नियम. सकाळी वाडीवरची रखमी पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन आली. "पयली तोड हाय, आये. चाख."
मी म्हटलं, "ठेव, नंतर खाईल."
रखमी माझ्याकडे बघतच राहिली. "नंतर? झाड रुसल ना!"

आईने झाडाचं मन राखलं. तेवीस करवंदं.
"आई, मोजतेय मी."
"मोज. मला तं दिसत नाय."

१२ मे
दोनशे एक्याण्णव.

डॉक्टरांना फोन केला. ठणकावून सांगितलं, घरात साखरेचा दाणा नाही. गूळ, मध, खजूर आणि फळंच. ते म्हणाले, "मॅडम, रक्त लेबल वाचत नाही."

फळ द्या म्हणाले, पण एका वेळी एक, लहान. चावून खायचं, रस नको. सोबत मूठभर शेंगदाणे. गूळ-मध म्हणजे साखरच.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणजे कुठेतरी वाचलेलं होतं. जानेवारीत मीच छापलंय — मधुमेहींसाठी खजुराचे लाडू, बिनधास्त. चूक झाली असं संपादकांना उद्या कळवते.

१३ मे
कळवलं नाही.

१५ मे
दाराशी पाटी लावावी म्हणते, फळं आणू नका. ललिता म्हणाली, "लाव. मग मावशींना कोणी भेटायलाच येणार नाय."

आई दिवसभर ओट्यावर बसते आणि पावलांवरून माणूस ओळखते. खर्डीला एकटी होती. इथे तिचा दरबार भरतो. साखर खाली आणायची म्हणजे दरबार उठवायचा! जमलं नाही. पाटी लावली नाही.

१८ मे
तोड आईनेच काढली. मी सहा वर्षं लेख लिहिते, ती कधी शाळेत गेली नाही.

दुपारी लहानीकाकू आंबे घेऊन आल्या. आईने एक आंबा हुंगला, कडेची एक फोड खाल्ली आणि उरलेला लहानीकाकूंच्याच हातात दिला. "माजं चाखून झालं. आता हा तू माझ्यासमोर खा." त्यांनी खाल्ला. नाही कशा म्हणतील?

मग मला म्हणाली, "चाखायचं म्हंजे पोट भरायचं आसं कोन बोललं? तुजं पुस्तक?"

त्यानंतर आलेल्या प्रत्येकाने आपापलं फळ आपणच संपवलं. किन्हवलीची साखर वाढणार बहुतेक.

२४ मे
दोनशे नऊ. नाचणीची भाकरी, वालाची भाजी, ताक. फळाची फोड दोनदा, दाण्यांबरोबर. संध्याकाळी ओट्यावरून मारुतीच्या देवळापर्यंत माझा हात धरून चालते.

मी तिचे केस विंचरते. लहानपणी ती माझे विंचरायची तेव्हा ओढून ओढून रडवायची. मी हळू विंचरते. "जोर नाय का हातात?" म्हणते.

३० मे
एकशे बहात्तर!

डॉक्टर खूश. मंगळवारी सकाळी जेवण करून या, दोनशेच्या आत असली तर दुपारीच एक डोळा करून टाकू. महिन्याभरात दुसरा. आईने लगेच मोबाइलवर खर्डीला शेजारणीला कळवलं, "मी येते गो. कोंबड्यांना सांग."

२ जून
आईची पिशवी भरून ठेवली. चार लुगडी, फणी, औषधं.

लेक दिपिका पुण्याला शिकायला गेल्यापासून या घरात मी आणि फ्रीज. फ्रीज जास्त बोलतो. या महिन्यात सकाळी उठल्यावर कोणीतरी आधीच जागं असायचं आणि माझ्या नावाने ओरडायचं. "जयू, उठली का नाय?" मी चिडायचे.

ती बरी होतेय. फार आनंद आहे. पुन्हा लिहिते: फार आनंद आहे.

३ जून
दोनशे अठ्ठेचाळीस. ऑपरेशन पुढे ढकललं. डॉक्टर आईला रागावले. ती हात जोडून सांगत होती, "शप्पत सायेब, मी काय बी मागून खाल्लं नाय."

खरं आहे. सकाळी जेवताना आमरसाची मोठी वाटी मीच पुढे केली. पहिला घोट घेऊन ती थांबली. "आज कसा काय गो?"

मी म्हटलं, "एक दिवस काही होत नाही."