तपासून लिहिलेले निरंक

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बाहत्तर, धक्क्यावरच्या गोदामाची निवृत्त तपासनीस, जिला सगळे बेट उंदीरबाई म्हणते, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत टाचला आहे. गुडघे त्यांनी नापास केले, पण लिहायला गुडघे लागत नाहीत.

कलम १. गोदामामागचे दोन खोल्यांचे घर माझ्या मुलीला मिळावे. अट एकच: तिचा बोका बेटावर येता कामा नये. मागे फोनवर म्हणाली, "आई, तो गादीवरून उठत नाही गं, पक्षी कसला मारतोय!" मी म्हटले, "भोळीला मारायला उठावं लागत नाही. ती आपणहून जवळ येते." भोळी म्हणजे आमच्या बेटावरचा कोंबडीएवढा पक्षी. तिला उडता येत नाही. वर्षाला एकच अंडे घालते, तेही जमिनीतल्या बिळात, आणि जगात दुसरीकडे ती कुठेच नाही. बोका आलाच, तर घर शाळेला जाईल.

कलम २. माझे भिंग लॉजवाल्याला द्यावे. "एका मांजराने काय होतंय?" असे तो पाहुण्यांना सांगत असतो. त्याच्याच दारावर मी लावलेली, प्राणी आणू नका ही पाटी त्याला दिसत नसावी.

कलम ३. चाळीस पेट्या, मेणाच्या वड्यांचा साचा आणि तपासणीची वही माझ्या नातीला. काम तिला ठाऊक आहे. शेंगदाण्याचा लगदा चोळलेली वडी पेटीत ठेवायची, बोटीच्या मालातून उंदीर आला असेल तर तो ती कुरतडतो, म्हणून दर सोमवारी तिच्यावर दातांचे व्रण आहेत का ते पाहायचे, नसले तर वहीत 'निरंक' लिहायचे. आधी पाहायचे, मग लिहायचे. हे मी का सांगते ते पुढच्या कलमात आहे.

कलम ४. हे कलम मी सव्वीस वर्षे पुढे ढकलले. नात सातव्या महिन्यातच जन्मली, याच घरात. मुलीचा ताप उतरेना, बाळ मुठीएवढे. मी दोघींना सोडून उठेना. गोदाम तीस पावलांवर होते, तरी मी पुढच्या चारही सोमवारांसमोर एकाच बैठकीत निरंक लिहून टाकले. बंदराच्या साहेबांकडे वही पाठवायची तारीख चुकायला नको, एवढाच विचार केला.

त्याच महिन्यात मालवाहू बोटीच्या तांडेलाने धक्क्यावर आणलेल्या पेंढ्याच्या गठ्ठ्यांतून उंदीर उतरले. पाचव्या सोमवारी सातव्या पेटीतली वडी अर्धी कुरतडलेली मिळाली, तोवर ते टेकडीवर पोचले होते. चौकशी झाली. वही स्वच्छ होती, तेव्हा तांडेलाने माल चोरून मागच्या किनाऱ्यावर उतरवला असणार, असे साहेबांनी ठरवले आणि त्याची बोट काढून घेतली. मी समोरच्या खुर्चीवर बसले होते. तोंड उघडले नाही.

उंदरांनी अंडी फोडली, पिल्ले बिळातच खाल्ली. भोळीच्या एकोणीस जोड्या उरल्या. पुढे नऊ वर्षे मी टेकडीचा कोपरा न् कोपरा पिंजून शेवटचा उंदीर संपवला. आज जोड्या तीनशे बारा आहेत आणि हे काम मी उत्तम केले, यात मला शंका नाही. त्याबद्दल माझा सत्कार झाला, तेव्हा तांडेल मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्या टाळ्यांची मला आजही लाज वाटते.

हे कलम धक्क्यावर मोठ्याने वाचावे, माझ्या मरणाची वाट न पाहता. त्याची एक प्रत मी आजच साहेबांच्या कचेरीत दिली आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे वकील म्हणतात. म्हणून तांडेलाला साक्षीदार केले आणि फक्त खरे काय ते दिले.

त्याने उभ्याउभ्या वाचले. म्हणाला, "मला माहीत होतं. तुझ्या दारात दुपटी वाळत होती आणि गोदामाला महिनाभर कुलूप."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की, तू चौकशीला यायच्या आधी. साहेबांनी वही दाखवली. तुझं निरंक माझ्यापेक्षा खरं ठरलं."

मला रडू आले. त्याने पेन मागितले.

कलम ५. याखेरीज लपवून ठेवलेले काही: निरंक. या वेळी तपासून लिहिले आहे.

सही: उंदीरबाई
स्थळ: गोदामामागची खोली
दिनांक: महिन्याचा पहिला सोमवार, चाळीसही पेट्या पाहून झाल्यावर

साक्षीदार १: डॉक्टरीणबाई
साक्षीदार २: मालवाहू बोटीचा तांडेल ('तांडेल' या शब्दाआधीचा 'माजी' हा शब्द मी खोडला आहे. खाडाखोडीवर माझी, उंदीरबाईची, सही आहे.)